कार्बन शाफ्टच्या पोकळीत कुठला फोम भरावा? ३२, ६४ की १२८?

कोपरा_खिसा
पूल क्यूच्या (पूल खेळायच्या काठीच्या) शाफ्टसाठी, म्हणजे पुढच्या निम्म्या भागासाठी, कार्बनची तयार नळी हाताशी आहे. मापं अशी: लांबी ७४० मिमी. टिपेकडे (बॉलला लागणाऱ्या टोकाकडे) बाहेरून १२.५, आतून ९.५ मिमी. जॉइंटकडे, म्हणजे मागचा भाग (बट) जोडतात तिथे, आतून १७.५ मिमी. उतार एकसारखा, मधे प्रो टेपरसारखा एकाच जाडीचा लांब भाग नाही. दोन्ही तोंडं अजून उघडी आहेत. रिकामी नळी नखानं टिचकी मारली तरी पाइपासारखी वाजते, म्हणून भरायची आहे.

पर्याय मिळाले ते असे: दोन भागांचा पीयू फोम (३२, ६४ आणि १२८ किलो प्रति घनमीटर), दारं-खिडक्या बसवताना मारतात तो डब्यातला स्प्रे फोम, आणि इपॉक्सीत काचेचे सूक्ष्म फुगे मिसळून केलेलं भरण. डिफ्लेक्शन (बॉलच्या कडेला, म्हणजे साइड देऊन मारल्यावर पांढरा बॉल बाजूला सरकणं) कमीत कमी हवं आणि आवाज मऊ हवा. काय घ्यावं?

इपॉक्सीकर
आधी हिशोब करा, निम्मे पर्याय तिथेच गळतात.

जॉइंटच्या इन्सर्टसाठी (पिन फिरवून बसवायचा आट्यांचा तुकडा) ५ सेंमी आणि टिपेच्या प्लगसाठी (टिपेखाली तोंड बंद करणारा तुकडा) दीड सेंमी सोडलं तर तुमच्या नळीत साधारण ९५ घनसेंमी पोकळी उरते. त्यात ३२ चा फोम ३ ग्रॅम, ६४ चा ६ ग्रॅम, १२८ चा १२ ग्रॅम. फुगे घातलेलं इपॉक्सी ६५० च्या आसपास बसतं, म्हणजे ६० ग्रॅमच्या वर. पूर्ण शाफ्टच मुळात ११०-११५ ग्रॅमचा असतो. त्यात ६० ग्रॅम वाढवले तर ती क्यू हातात पुढे झुकते आणि बटमध्ये वजन घालून ती सावरता सावरता एकूण वजन हाताबाहेर जातं. ते भरण फक्त जॉइंट इन्सर्टच्या पुढच्या तीन-चार सेंमीत वापरा, तिथे ते खरंच कामाचं आहे.

डब्यातला स्प्रे फोम विसरा.

शांत_शॉट
स्प्रे फोम का नको ते कोणीतरी नीट लिहा. दर वेळी नुसतं "नको" म्हणून विषय संपतो आणि पुढचा माणूस पुन्हा तेच करतो.

लेथवाला
तो एका भागाचा फोम हवेतल्या ओलाव्यावर सुकतो. दाराच्या फटीत त्याला दोन्ही बाजूंनी हवा मिळते. कार्बनच्या भिंतीतून बाष्प आत जात नाही, त्यामुळे नळीत फक्त दोन तोंडांकडचे काही सेंमी घट्ट होतात. ती घट्ट झालेली टोकंच पुढे बूच होऊन बसतात आणि मधला भाग आठवडेच्या आठवडे चिकट राहतो. उन्हात ठेवलेल्या गाडीत शाफ्ट तापला की तो चिकट भाग पुन्हा फुगतो किंवा एका बाजूला सरकतो. मग शॉट मारल्यावर आत काहीतरी ओलसर हलल्यासारखं वाटतं.

पाणी शिंपडून सुकवायची युक्ती सांगितली जाते. त्यानं फोम सुकतो, पण मोठी मोठी भोकं पडून. भिंतीला धड चिकटत नाही.

हलकं_टोक
डिफ्लेक्शनबद्दल एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. फोम डिफ्लेक्शन कमी करत नाही. साइड देऊन मारताना पांढरा बॉल किती बाजूला सरकतो ते मुख्यतः टिपेकडच्या १५-२० सेंमीत किती वस्तुमान आहे यावर ठरतं. टिप आणि बॉल एकमेकांना जेमतेम एक-दीड मिलिसेकंद चिकटलेले असतात. तेवढ्या वेळात आडवा हादरा शाफ्टमध्ये फार मागे पोचतच नाही, म्हणून मागच्या वजनाचा त्यात वाटा नाही. पुढची १५ सेंमी पूर्ण रिकामी ठेवली तर डिफ्लेक्शन सगळ्यात कमी. फोम त्यात भरच घालतो, प्रश्न फक्त किती एवढाच.

तुमच्या नळीत त्या १५ सेंमीत ६४ चा फोम पाऊण ग्रॅमही भरत नाही. तिथल्या कार्बनच्या भिंतीचंच वजन १२-१३ ग्रॅम आहे! ३२ आणि १२८ यांच्यातला फरक तिथे एक-सव्वा ग्रॅम, आणि तोही सगळ्या लांबीभर पसरलेला.

आता टिपेखालचा प्लग बघा. ९.५ मिमी जाडीचा, १५ मिमी लांबीचा. जी-टेनचा (काचेचे धागे आणि इपॉक्सीचा) केला तर २ ग्रॅम, एबीएस प्लास्टिकचा केला तर १.१ ग्रॅम. हा पाऊण-एक ग्रॅमचा फरक अगदी टिपेला लागून आहे, जिथे त्याचा परिणाम सर्वांत जास्त. लोक फोमच्या घनतेवर तासन्‌तास वाद घालतात आणि प्लग मात्र हाताला लागेल त्या जी-टेनच्या दांड्याचा कापतात. डिफ्लेक्शन हवं तर प्लग एबीएसचा घ्या, १० मिमीपर्यंत आखूड करा, आणि फोम निवडताना फक्त आवाज आणि हाताला काय जाणवतं तेवढं बघा.

कोपरा_खिसा
प्लग १० मिमीचा पुरतो? टिप बदलताना लेथवर घासली की निसटणार नाही ना?

हलकं_टोक
आतली भिंत १५० नंबरच्या कागदानं खरवडून, एसिटोननं पुसून, घट्ट केलेल्या इपॉक्सीनं बसवला तर पुरतो. प्लगच्या कडेला दोन-तीन उथळ खाचा पाडा आणि चिकटवण्यासाठी चहूबाजूंनी ०.०५ ते ०.१ मिमी मोकळी जागा सोडा. ठोकून घट्ट बसवलेल्या प्लगमध्ये सगळं इपॉक्सी खरवडून मागे ढकललं जातं आणि तोच पुढे सुटतो. एबीएसवर एसिटोन लावू नका, विरघळेल. तो नुसता घासून आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसा.

शांत_शॉट
आवाजाचं थोडं. रिकाम्या शाफ्टमधून दोन वेगळे आवाज येतात आणि त्यांचे इलाज वेगळे आहेत.

पहिला घुमणारा, आतल्या हवेचा. दोन्ही तोंडं बंद असलेल्या ७० सेंमीच्या पोकळीत हवेचा मूळ सूर अडीचशे हर्ट्झच्या आसपास येतो. हवेची ही सलग नळी तोडली की घुमणं जातं. त्यासाठी पूर्ण भरायची गरजच नाही, मधे चार-पाच ठिकाणी मऊ बूच बसवले तरी काम होतं.

दुसरा टणटणीत, धातूसारखा. तो कार्बनच्या भिंतीचा आणि शाफ्टच्या वाकण्याचा. कार्बन-इपॉक्सी स्वतः कंपन फार कमी गिळतं, लाकूड बरंच गिळतं. हा आवाज मारायचा तर भिंतीला काहीतरी चिकटलेलं किंवा दाबून बसलेलं असावं लागतं. सैल फोम इथे निरुपयोगी, उलट तोच भिंतीवर घासून नवीन आवाज करतो.

म्हणून घनतेपेक्षा चिकटणं महत्त्वाचं. भिंतीला सलग चिकटलेला ३२ चा फोम अर्धवट सुटलेल्या १२८ पेक्षा शांत असतो.

इपॉक्सीकर
+१. प्रिडेटर कंपनीची रेव्हो ही कार्बन शाफ्ट २०१६ मध्ये आली तेव्हापासून बाजारात कार्बन शाफ्टची रीघ लागली. त्यातल्या दोन शाफ्टांचा आवाज वेगळा असतो तो आतल्या भरणामुळे जितका, तितकाच भिंतीची जाडी, धाग्यांचे कोन आणि टिपेखालचं बांधकाम यांमुळे. फोम बदलून एका कंपनीचा आवाज दुसरीसारखा होत नाही.

आता ओतण्याबद्दल. मी ६४ सुचवतो. ३२ चा नळीत नीट वर चढत नाही आणि इन्सर्टसाठी ड्रिल करताना चुरा होतो. १२८ चा चढतो, पण तो कमी फुगतो. थोडं कमी पडलं तर मधे पोकळी राहते, थोडं जास्त झालं तर वजन वाढतं.

दुकानात "पफ" (हाच दोन भागांचा पीयू फोम) मागा. कोल्ड स्टोरेजच्या पॅनेलचं आणि गिझरच्या इन्सुलेशनचं काम करणाऱ्यांकडे तो असतो. मागताना हाताने ओतायचा ग्रेड मागायचा. स्प्रे ग्रेडचा क्रीम टाइम (ढवळल्यापासून फुगायला लागेपर्यंतचा वेळ) तीन-चार सेकंदांचा असतो, तो कपातच उभा राहील. ओतायच्या ग्रेडला ३० ते ४५ सेकंद मिळतात.

नळी आतून स्वच्छ करणं सगळ्यात आधी. ही नळी पोलादी दांड्यावर गुंडाळून भाजलेली असते आणि तो दांडा सुटावा म्हणून त्यावर रिलीज एजंट लावलेला असतो. त्याचा मेणचट थर आत राहतो. त्यावर कुठलाही फोम चिकटल्यासारखा दिसतो आणि महिन्याभरात सुटतो. काठीला १५० चा कागद गुंडाळून दोन्ही बाजूंनी खरवडा, मग एसिटोनमध्ये भिजवलेली चिंधी दोरीनं ओढून काढा. चिंधी काळी येणारच, चिकट येता कामा नये. अर्धा तास वाळू द्या.

अरुंद तोंड मास्किंग टेपनं बंद करून टेपला टाचणीनं भोक पाडा. नळी अरुंद तोंड खाली करून उभी बांधा. हेअर ड्रायरनं ३५-४० अंशांपर्यंत कोमट करा, कारण थंड भिंतीला लागलेला थर फुगत नाही, त्याचं जाड कातडं होतं आणि मधली वाट बंद होते. रसायनं मात्र २०-२५ अंशांवरच ठेवा, गरम झाली तर क्रीम टाइम घटतो.

खाली पोचवण्यासाठी मेडिकलच्या दुकानातली राइल्स ट्यूब, १६ नंबर. बाहेरून ५.३ मिमी जाड आणि सुमारे एक मीटर लांब असते. पुढचं बंद टोक बाजूच्या भोकांसकट कापून टाका आणि ८० सेंमी ठेवा. सोबत ६० मिलीची मोठ्या तोंडाची सिरिंज.

एका दमात भरू नका. आधी खालच्या ३० सेंमीसाठी सुमारे ३ ग्रॅम, २० मिनिटांनी उरलेल्यासाठी सुमारे ६ ग्रॅम. ३ ग्रॅमचं मिश्रण अचूक होत नाही, म्हणून दर वेळी ३० ग्रॅम तरी करा. प्रमाण डब्यावरच्या कागदाप्रमाणे, आणि ते वजनानं दिलंय की आकारमानानं ते दोनदा वाचा. दहा-बारा सेकंद जोरात ढवळायचं, सिरिंजमध्ये ओढायचं, ट्यूब लावायची, तळाशी नेऊन ढकलायचं आणि ढकलता ढकलता वर ओढायचं. उरलेलं कपात फुगू द्या. तो तुकडा दुसऱ्या दिवशी कापून मोजला की खरी घनता कळते.

लेथवाला
यात एक खड्डा आहे. ८० सेंमीच्या त्या ट्यूबच्या आतच सुमारे ८ मिली मावतं. ३ ग्रॅम म्हणजे अडीच मिलीच्या आसपास. तेवढंच सिरिंजमध्ये घेतलं तर सगळं ट्यूबमध्येच राहील आणि नळीत थेंबही पडणार नाही. साडेचार मिली घ्या आणि मागे ३०-४० मिली हवा राहू द्या. सिरिंज तोंड खाली करून उभी धरली की हवा आपोआप द्रवाच्या मागे जाते आणि तोच दट्ट्या होतो. भिंतीला दीड-दोन मिली चिकटून राहतंच. फुरफुर ऐकू आली की लगेच थांबायचं, नाहीतर तळाच्या द्रवात हवेचे बुडबुडे जातात. दुसऱ्या टप्प्याला नवी ट्यूब.

प्रत्येक टप्प्यानंतर शाफ्ट ०.१ ग्रॅमच्या काट्यावर ठेवा. किती गेलं ते सिरिंज सांगत नाही, काटा सांगतो. आणि पहिला टप्पा किती वर चढला ते बारीक काठी आत सोडून मोजा, तरच दुसऱ्याचं प्रमाण बरोबर येतं.

हलकं_टोक
गणिताकडे बघा. ९५ घनसेंमीला ६४ च्या हिशोबानं ६ ग्रॅम पुरायला हवेत, इपॉक्सीकर ९ सांगताहेत. म्हणजे नळीतली घनता ९० च्या पुढे जाणार. मग "६४ चा फोम" हे नाव फसवं नाही का?

इपॉक्सीकर
बरोबर आहे, आणि ते मुद्दाम आहे. डब्यावरची घनता मोकळ्या कपात फुगलेल्या फोमची असते. अरुंद नळीत भिंतीलगत दाट कातडं होतं, ते मोकळ्या हवेतल्या घनतेला कधीच येत नाही. दुसरं, जेमतेम भरलेला बंद पेशींचा फोम थंड झाल्यावर आकसतो आणि भिंतीपासून केसभर सुटतो. शॉटनंतरची झिणझिण बहुतेक तिथूनच येते. दीडपट कोंबला तर तो भिंतीवर दाबून बसतो. म्हणून दुसऱ्या टप्प्यानंतर रुंद तोंडावर दोन-तीन बारीक भोकं असलेलं लाकडी झाकण बांधायचं. हवा निघून जाते, फोम अडतो. झाकण हातानं धरू नका, बांधा.

तोलावर फरक मामुली. ९ ग्रॅमचा गुरुत्वमध्य जॉइंटपासून २९-३० सेंमीवर येतो. ५४० ग्रॅमच्या क्यूचा तोल त्यामुळे ९ मिमीनं पुढे सरकतो. बटच्या बोल्टमध्ये भरपाई करता येते.

शांत_शॉट
इन्सर्ट आधी चिकटवून मग फोम भरणारेही आहेत. तसं करू नका. गॅसला वाट मिळाली नाही की तो इन्सर्टची ओली ग्लू लाइन उचकटतो किंवा प्लग बाहेर ढकलतो. आधी फोम, २४ तास थांबा, मग दोन्ही तोंडांनी ड्रिल. फोम ड्रिल करताना बिट हळूहळू आत न्या, घाई केली की तो खरडला न जाता फाटतो. ड्रिल केल्यावर सगळा चुरा ओढून काढा आणि उघडा पडलेला फोम इपॉक्सीच्या पातळ हातानं बंद करा. एक दाणा सुटा राहिला तरी तो आयुष्यभर वाजतो.

कोपरा_खिसा
फोम चढला पण मधेच अडकला तर? आणि तो पिवळट ठिसूळ होतो, बोटानं भुगा पडतो, असंही ऐकलंय.

लेथवाला
अडकला तर वरून पुन्हा ओतता येतं, फक्त वरचं चकचकीत कातडं लांब ड्रिल बिटनं खरवडायचं, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत. पोकळी दोन थरांच्या मधे बंद झाली असेल तर काही करता येत नाही.

ठिसूळपणाचं कारण बहुतेक वेळा ओलावा. पफच्या दोन भागांपैकी एक आयसोसायनेट, दुसरा पॉलिओल. आयसोसायनेट पाण्याशी भिडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, फोम जास्त फुगतो आणि कच्चा राहतो. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे काम एसी खोलीतच करावं. आयसोसायनेटचा डबा उघडल्यावर तोंड पुसून घट्ट बंद करा. वर पापुद्रा आला असेल किंवा तळाशी पांढरे खडे दिसत असतील तर टाकून द्या, गाळून वापरू नका. दुसरं कारण प्रमाण चुकणं. आयसोसायनेट जास्त झालं की ठिसूळ, पॉलिओल जास्त झालं की रबरासारखा मऊ आणि चिकट.

नायट्राइल हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. एसी लावून काम असेल तर सेंद्रिय वाफांचं फिल्टर असलेला मास्क हवाच. साधा एन-९५ आयसोसायनेटची वाफ अडवत नाही, आणि एकदा त्याची ॲलर्जी जडली की थोड्याशा वासानंही दमा उठतो. एन-९५ लागतो तो कार्बन घासताना. ती धूळ वीजवाहक असते, लेथच्या स्पीड कंट्रोलरमध्ये गेली तर तो जळतो. पाण्यानं भिजवून घासा.

शांत_शॉट
ज्याला रसायनं नकोत त्याच्यासाठी बॅकर रॉड. बांधकामातल्या सांध्यांत सिलंटच्या मागे दाबतात तो पॉलिइथिलीनचा गोल दोर. १०, १२, १५, २० मिमीमध्ये मिळतो. वजन ३२ च्या फोमइतकंच. टोकाला घट्ट दोरा बांधून दोरा अरुंद तोंडातून बाहेर काढायचा आणि ओढायचं. ताणला की रॉड बारीक होतो, नळीत शिरतो, सोडला की फुगून भिंतीला दाबतो. आतल्या मापापेक्षा १५-२५ टक्के जाड घ्यायचा. तुमच्या नळीत पुढच्या भागाला १२, मधे १५, मागे २०. तुकडे एकमेकांना टेकलेले हवेत.

पॉलिइथिलीनला काही चिकटत नाही, त्यामुळे सगळी मदार दाबावर. टणटण पफइतकी जात नाही, घुमणं मात्र पूर्ण जातं. फायदा असा की बिघडलं तर ओढून काढता येतं.

स्नूकरच्या कार्बन शाफ्टलाही हेच सोपं पडतं. तिथे आतलं माप ६-७ मिमीवर येतं, ओतलेला फोम एवढ्या बारीक वाटेत चढत नाही.

हलकं_टोक
लेथ असेल तर तिसरा मार्ग: डिव्हिनिसेल एच-८० किंवा रोहासेल ७१ या तयार कडक फोमचा दांडा नळीच्या उतारानुसार निमुळता कातून घ्यायचा. पहिला ८० चा, दुसरा ७५ चा. घनता हमखास, पोकळी नाही, आकसणं नाही. अडचण अशी की १० मिमी जाडीला तो लेथवर वाकतो, म्हणून १५-१५ सेंमीचे तुकडे करून जोडावे लागतात. चिकटवायला फुगणारा पीयू गोंद, भिंतीला अगदी पातळ. गोंद जास्त झाला तर वाचवलेलं वजन त्यातच जातं. मेहनत बरीच. एका शाफ्टसाठी मी हे कोणाला सांगणार नाही, दहा करायचे असतील तर हेच.

ब्रेक क्यूसाठी (डाव फोडायला वापरतात ती) मात्र मी १२८ घेईन. तिथे डिफ्लेक्शनची पर्वा कमी, आणि फिनॉलिक (कडक रेझिनच्या) टिपेचे धक्के पुन्हापुन्हा बसले की हलका फोम प्लगच्या मागे दबून खड्डा पडतो.

शांत_शॉट
खड्डा फोम हलका म्हणून पडत नाही, प्लग सरकतो म्हणून पडतो. प्लगचा भार भिंतीवरच्या इपॉक्सीनं घ्यायचा असतो. फोमवर टेकलेला प्लग म्हणजे चिकटवण्यातच कमी. पण ब्रेकला १२८ नं नुकसान काही नाही, तेवढं मान्य.

नियमांची काळजी नको. डब्ल्यूपीएच्या (पूलची जागतिक संघटना) नियमांत क्यूची लांबी किमान ४० इंच, वजन जास्तीत जास्त २५ औंस आणि टिप जास्तीत जास्त १४ मिमी, अशा मर्यादा आहेत. आत काय भरलंय याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही.

कोपरा_खिसा
भरल्यावर तपासायचं कसं? आत तर काही दिसत नाही.

इपॉक्सीकर
नाण्यानं. शाफ्ट मऊ कापडावर आडवा ठेवून दर दोन सेंमीला नाण्याच्या कडेनं हलकं ठोकत जा. भरलेल्या जागी ठक्क, पोकळ जागी आवाज मोकळा आणि लांबट. शाफ्ट फिरवून चार बाजूंनी करा, कारण एका बाजूनं सुटलेला फोम दुसऱ्या बाजूनं ठोकल्यावर कळत नाही. संशयाची जागा टेपनं खुणावून ठेवा. मग शाफ्ट टोकापासून १६-१७ सेंमीवर दोन बोटांत सैल टांगून मधे टिचकी मारा. आवाज पटकन विझला पाहिजे. रेंगाळत असेल तर कुठेतरी चिकटलेलं नाही.

दोन-तीन सेंमीची एखादी पोकळी मागच्या अर्ध्यात असेल तर सोडून द्या. पुढच्या २० सेंमीत असेल आणि प्लग अजून बसवला नसेल तर समोरून ड्रिल करून तेवढा भाग पुन्हा भरा.

कोपरा_खिसा
ठरलं, ६४ चा पफ दोन टप्प्यांत, प्लग एबीएसचा १० मिमी. शेवटचं एक: ओळखीच्या एकाचा विकत घेतलेला तयार शाफ्ट झिणझिणतो. तो उघडून भरता येईल का?

लेथवाला
उघडू नका. आधी टिप, बंपर (बटच्या टोकाचं रबर), वजनाचा बोल्ट आणि जॉइंटची पिन तपासा. निम्म्या वेळा झिणझिण बटमधून येते. शाफ्ट वेगळा काढून टांगून ठोका, शांत असेल तर दोष त्याचा नाहीच. शाफ्टच असेल तर वॉरंटीत परत करा. इन्सर्ट काढायला इपॉक्सी तापवावं लागतं. घरी जोडायच्या इपॉक्सीचा साठ-सत्तर अंशांनंतर दम सुटतो, पण कंपनीनं कुठलं वापरलंय ते बाहेरून कळत नाही आणि हीट गनचं तापमान एका जागी बघता बघता दीडशेच्या पुढे जातं. तिथे नळीचं स्वतःचं रेझिन मऊ पडून शाफ्ट वाकडा होतो, आणि वाकडा झालेला कार्बन लाकडासारखा सरळ करता येत नाही.

कोपरा_खिसा
बोल्टच सैल निघाला. पाव फेरा आवळला, आवाज बंद.